जेवणाऐवजी शेक चालतो का? डब्यात काय असतं आणि ताटात काय असतं

जुळे सोलापुरात माझं मेडिकल आहे. मागच्या महिन्यात संध्याकाळच्या गर्दीत एक मावशी आल्या, पिशवीतून रिकामं पाऊच काढलं, काउंटरवर हातानं सरळ करून ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, ह्यात काय असतंय ओ? पोरगं तीन आठवडे झालं ताटावर बसंना झालंय. सकाळी हेच, दुपारी हेच, रात्री भाकरी वाढली की भूक नाही म्हणतंय." मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करतो, वय सव्वीस. पोरगं आजारी पडेल ही भीती होतीच, पण केलेलं तसंच राहतंय ह्याचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं, ते बोलताना कळत होतं.

मागं तीन गिऱ्हाइकं उभी होती त्यामुळं तिथं नीट सांगता आलं नाही. पण हाच प्रश्न आठवड्यातून चार-पाच जण तरी विचारतात, जिमवाली पोरं विचारतात, शुगरवाले काका विचारतात, मुलाला डब्याऐवजी हे देऊ का म्हणून आया विचारतात. म्हणून इथं सविस्तर लिहितोय. हे डबे मी स्वतः विकतो, ते आधीच सांगितलेलं बरं.

## डबे सगळे सारखे दिसतात, आत वेगवेगळं असतं

पहिली गडबड इथंच होते. शेल्फवर शेजारी शेजारी ठेवलेल्या चार डब्यांना लोक एकच नाव देतात, "पावडर".

एक असते प्रोटीन पावडर. तिच्या एका चमच्यात वीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं आणि बाकी जवळजवळ काहीच नसतं, म्हणजे अख्ख्या ताटातलं नुसतं वरण तेवढं समजा. दुसरी असते दुधात घालायची गोड पावडर, लहानपणापासून आपण पितो ती, तिच्यात माल्ट आणि साखरच भरपूर. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' ह्या नावाखालून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्न कायद्यात हेल्थ ड्रिंक अशी काही व्याख्याच नाही. तिसरी दवाखान्यातली, पेशंटला नाकातल्या नळीनं फीड देतात ती. आणि चौथी, जिच्याबद्दल मावशी विचारत होत्या ती, मील रिप्लेसमेंट, म्हणजे एका वेळच्या जेवणाच्या जागी घ्यायची पावडर. तिच्यात प्रोटीन, पिठूळ भाग, तेल, थोडा चोथा, आणि वीस-पंचवीस प्रकारची जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात. पुढं मी हिलाच नुसतं शेक म्हणतो.

आता पाऊच उलटं करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिल्या तीन नावांत ओट्स, सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन असेल तर बरं. पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर तुम्ही मुख्यतः स्टार्च तोडून केलेली, झटकन रक्तात उतरणारी पावडर विकत घेतलीय एवढं समजा. ती चवीला फार गोड नसते म्हणून फसायला होतं. एका वेळेला किती कॅलरी हेही बघा. दोनशेच्या आसपास असतील तर तो वजन उतरवायचा शेक आहे, कामावर जाणाऱ्या माणसाचं ते जेवण होत नाही.

## हे काय आत्ताचं फॅड नाही

अमेरिकेत १९५९ ला मेट्रेकल नावाची पावडर आली होती, दिवसाला ९०० कॅलरी आणि जेवण बंद, आणि ती प्रचंड खपली. मग १९७० च्या दशकात नुसत्या पातळ प्रोटीनवर राहायची टूम निघाली, ते प्रोटीन कातडी आणि हाडांपासून काढलेलं हलक्या दर्जाचं होतं, आणि त्याच्यावर महिनोन्महिने राहिलेल्यांपैकी कित्येक जण हृदय बंद पडून गेले, त्यात तरुण बायका बऱ्याच होत्या. त्यानंतर हे क्षेत्र बरंच सुधारलं हेही खरं.

आजच्या आयटीवाल्या पोरांपर्यंत जी लाट आली ती २०१३ ची. रॉब राइनहार्ट नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर, स्टार्टअप चालेना, पैसे संपत आलेले, त्याला स्वयंपाक आणि जेवण हा वेळेचा आणि पैशाचा तोटा वाटायला लागला, म्हणून त्यानं शरीराला लागणाऱ्या गोष्टींची यादी काढली, त्या पावडरी मागवल्या, पाण्यात कालवून प्यायला सुरुवात केली, आणि लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून २०१४ पासून सॉयलेंट नावानं विकायला लागला. त्याच्या पहिल्या मिश्रणात लोह घालायचंच राहिलं होतं. छाती धडधडायला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

शेकबद्दलची माझी सगळ्यात मोठी शंका ह्या एका गोष्टीत आहे. यादी करणाऱ्याला जेवढं माहीत तेवढंच यादीत येतं. भाकरीला यादी लागत नाही, ज्वारीच्या दाण्यात काय काय आहे हे कुणाला माहीत नव्हतं तेव्हाही ते पोटात जातच होतं.

## "सगळं मोजून घातलंय म्हणताय, मग फरक काय राहिला?"

सोलापूरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. एक किलो सूत घ्या आणि एक किलोची चादर घ्या. वजन तेच, कापूस तोच. पण थंडीत सुताचा गुंडा अंगावर घेऊन कुणी झोपत नाही, ऊब विणीत असते. अन्नाचंही तसंच आहे, दाण्याच्या आत स्टार्च चोथ्याच्या जाळीत अडकलेला असतो, तो दातांनी फोडावा लागतो, पोटात हळूहळू सुटतो, आणि उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो तिथं आपले जिवाणू त्याच्यावर जगतात. शेकमध्ये ही वीण उसवून सगळं आधीच सुटं केलेलं असतं.

१९७७ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दहा माणसांवर एक साधा प्रयोग केला होता. एकदा अख्खी सफरचंदं दिली, एकदा तीच कुस्करून, एकदा त्यांचा रस, साखर सगळ्यात सारखीच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगानं पोटात गेला, पोट भरल्यासारखं सगळ्यात कमी वाटलं, आणि रसानंतर इन्सुलिन जास्त वर गेलं. आपल्याकडच्या डाळिंबावर घरी करून बघा की. सोलून, दाणे काढून, वाटी घेऊन खात बसलं तर पंधरा मिनिटं जातात आणि एका डाळिंबात समाधान होतं. ज्यूसवाला तीन डाळिंबं एका ग्लासात घालतो आणि आपण उभ्याउभ्या संपवतो.

चावण्याचं काम फुकट जात नाही. ताट समोर आलं, वास आला, घास तोंडात गेला की लाळ सुटते, पोटात पाचक रस यायला लागतात, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. शेक दोन मिनिटात संपतो. मग साडेअकराला बिस्किटाचा पुडा उघडला जातो, तेव्हा शेक पिणाऱ्या पोरांना वाटतं आपल्यात कंट्रोल नाही. कंट्रोलचा काही संबंध नाही, निरोप पोचायच्या आधी जेवण संपलेलं असतं एवढंच.

## "पण शेकवर लोकांची शुगर गेलीय ना?"

गेलीय. हे खोटं नाही आणि ते लपवायचं कारणही नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्याचे आकडे आले. टाइप टू डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आत असलेले, इन्सुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले ३०६ लोक. निम्म्यांना तीन ते पाच महिने फक्त शेक आणि सूप, दिवसाला साधारण ८२५ ते ८५० कॅलरी, मग हळूहळू परत जेवण. वर्षानंतर शेकवाल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४ टक्के. दोन वर्षांनी तोच आकडा ३६ टक्क्यांवर आला. ज्यांचं वजन पंधरा किलोपेक्षा जास्त उतरलं त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला, म्हणजे काम वजन उतरण्यानं केलं, पावडरीत जादू नव्हती.

ह्या अभ्यासातली जी गोष्ट गल्लीतल्या शेक पाजणाऱ्या क्लबात कुणी सांगत नाही ती अशी, की पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्या लोकांच्या शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि पुढं नियमित तपासणी होती.

माझ्या सख्ख्या मामीचं सांगतो. घराजवळ सकाळी शेक पाजणारी एक जागा सुरू झाली होती, तिथल्या बाईंनी सांगितलं की महिनाभरात शुगर सुटेल. मामीनं सकाळ-संध्याकाळ शेक चालू केला, जेवण एकच वेळ, आणि गोळ्या मात्र पहिल्यासारख्याच चालू, कारण गोळ्यांबद्दल तिथं कुणी विचारलंच नाही. मलाही ती बोलली नाही, मी रागवेन म्हणून. पाचव्या दिवशी सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघाली, चपला घालता घालता हात थरथरायला लागले, ब्लाऊज घामानं ओला, आणि काय होतंय ते सांगता येईना. मामेबहिणीनं मशीननं बघितलं तर शुगर ५४. साखरपाणी पाजलं, दहा मिनिटांत सावरली. घरी कुणी नसतं आणि रस्त्यात असं झालं असतं तर काय, हा विचार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. गोळी खाल्लेली असते ती जेवण येणार म्हणून काम करते, आणि जेवणच आलं नाही तर शुगर खाली पाडते. म्हणून ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता एकही जेवण शेकवर घेऊ नका. किडनीचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयातली मुलं, ह्यांनाही तेच. डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापलेली असते, तीही वाचा.

वजन फार पटापट उतरवलं तर पित्ताशयात खडे, बद्धकोष्ठ, केस गळणं हेही होऊ शकतं, तेही लक्षात असू द्या.

## "आपल्या जेवणात प्रोटीनच नाही म्हणतात"

ह्यात अर्धं खरं आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम प्रोटीन पुरतं, हा हिशोब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा. ह्याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात शरीर कमवायला प्रोटीनचे डबे घेऊ नका, साध्या अन्नातून भागतं, असं स्पष्ट म्हटलंय, आणि धान्याला डाळीची जोड तीनास एक ह्या प्रमाणात द्या असंही.

जोड का, तर प्रोटीन हे बऱ्याच छोट्या तुकड्यांचं बनलेलं असतं आणि सगळे तुकडे मिळाले तरच शरीर त्याचं काही बांधतं. ज्वारीत लायसिन नावाचा तुकडा कमी पडतो, तुरीत तो भरपूर असतो, तुरीत जो कमी तो ज्वारीत असतो. भाकरी-आमटी ही जोडी म्हणून चांगली. अडचण आहे ती आमटी पातळ असते त्याची. पहाटे यंत्रमागावर जाणारा माणूस किंवा दिवसभर विडी वळत बसणारी बाई तीन भाकरी आणि पाण्यासारखी आमटी खाते, पोट भरतं, पण डाळ जेमतेम दहा ग्रॅम पोटात जाते. तिला डब्याची गरज नाही, तिच्या वाटीत डाळ घट्ट पाहिजे, आणि तूरडाळीचा भाव बघता ते तिच्या हातात किती आहे हा प्रश्न मला डब्यांच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोठा वाटतो.

## "हे सगळं ठीक आहे, पण वेळ कुठाय?"

मावशींच्या मुलाचं म्हणणं हेच होतं. तो नंतर स्वतः दुकानात आला. दोन मीटिंगच्या मधे पस्तीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात जेवलं की दुपारी झोप येते, आणि आईला एकसारखं गरम कर, वाढ असं सांगायला नको वाटतं म्हणाला. त्याचं मला पटलं. जेवणाला वेळ लागतो आणि तो वेळ बहुतेक घरांत एकाच बाईचा जातो, तिला कुणी विचारत नाही, हे बोलायलाच पाहिजे.

पण सोलापुरात ह्या प्रश्नाचं उत्तर फार आधी काढून ठेवलंय. कडक भाकरी. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून कागदासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर ठेवून तिच्यातलं सगळं पाणी घालवतात, मग ती पापडासारखी कडकडीत होते आणि महिना-महिना टिकते. बचत गटाच्या बायका करतात, पाकिटं पुण्या-मुंबईला जातात. सोबत शेंगाची चटणी, भाजलेले शेंगदाणे लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, तीही टिकते. गॅस पेटवायचा नाही, कुणाला उठवायचं नाही.

हिशोब करून बघू. दोन कडक भाकऱ्या म्हणजे साधारण ऐंशी ग्रॅम पीठ, त्यातून आठ ग्रॅम प्रोटीन आणि जवळपास तेवढाच चोथा. चटणी तीस ग्रॅम, तिच्यातून सात ग्रॅम. वाटीभर दही, त्यातून पाच. एकूण प्रोटीन वीस ग्रॅम, कॅलरी पाचशेच्या आसपास. बऱ्याच शेकच्या पाऊचवर हेच आकडे असतात. उणीव क जीवनसत्त्वाची आणि हिरव्या पाल्याची, ती बुक्कीनं फोडलेला कांदा, कच्ची मेथी आणि एखादा पेरू घेतला की भरून निघते. बी-१२ साठी दही-दूध-अंडी लागतातच. पैशाचंही बघा, पाऊचच्या किमतीला आतल्या सर्व्हिंगच्या संख्येनं भागा, आणि ह्या ताटाशी ताडून बघा. त्या पोरानं माझ्यासमोर मोबाईलवर भागलं, आणि थोडा वेळ काही बोलला नाही.

## मग शेक कधी घ्यायचा

कशाच्या जागी घेताय त्याच्यावर आहे. सकाळी काहीच न खाता निघणारा माणूस, अकराला टपरीवर वडापाव आणि दोन कट चहा, त्याच्या जागी बऱ्यापैकी शेक घेतला तर फायदाच आहे. रात्रपाळी, लांबचा प्रवास, दात काढलेत, आजारपणातून उठलोय आणि घास जात नाही, कीमो चालू असलेल्या पेशंटचं वजन घसरतंय, इथं तो खरोखर उपयोगी पडतो, शेवटच्या दोघांत तर डॉक्टरच लिहून देतात. आणि घरी भाकरी, घट्ट वरण, भाजी तयार असताना तिच्या जागी घेतला तर पैसे जाऊन वर नुकसान. ज्यांना दुधानं गॅस होतात त्यांनी दुधाच्या प्रोटीनचा डबा घेताना जपून, पोट फुगलं म्हणून परत आणलेला उघडा डबा कुठलाही दुकानदार घेत नाही.

एका गोष्टीकडं मात्र घरच्यांनी नीट लक्ष द्यावं. वेळ नाही म्हणून शेक पिणं वेगळं, आणि जेवणाचीच भीती वाटायला लागणं वेगळं. पोरगी किंवा पोरगं चारचौघात जेवायचं टाळतंय, प्रत्येक घासाच्या कॅलरी मोजतंय, लग्नात पंगतीला बसायचं म्हटलं की निमित्त काढतंय, वजन उतरूनही अजून जाड आहे म्हणतंय, तर तो शेकचा प्रश्न राहिलेला नाही. तिथं रागावून उपयोग होत नाही, मानसोपचारतज्ञाला दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नुसत्या शेकवर वर्षभर राहिलं तर काय, असंही विचारतात. अंतराळवीरांचं उदाहरण बघा, १९६२ मध्ये जॉन ग्लेन ट्यूबमधून सफरचंदाचा गर पिळून खात होता, पुढं अंतराळवीरच त्या गिळायच्या जेवणाला वैतागले, आणि आज स्पेस स्टेशनवर चावून खायचं जेवण जातं. राकेश शर्मा १९८४ ला गेले तेव्हा म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेनं त्यांच्यासाठी भारतीय पदार्थ तयार करून दिले होते. जिथं एकेक ग्रॅम वजनाचा हिशोब होतो तिथंसुद्धा माणसाला रोज घोटच द्यायचं जमलं नाही.

परवा मावशी बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, सकाळचा तेवढा शेक ठेवलाय, दुपारी डब्यातली कडक भाकरी स्वतःच्या हातानं काढून घेतंय, दही लावून खातंय. "आणि रात्री?" म्हटलं. "रात्री बसतंय माझ्यासंगं. काल मलाच म्हणालं, आई तू पण बस की आधी."